सातबारावर नाव नसलेल्यांचा खासदार कोण?

दि. बा. पाटील यांच्या राजकारणाचे गोडवे पुष्कळ गायले गेले. त्याची चिकित्सा मात्र फारशी झाली नाही. उरण तालुक्यातील जासईच्या शेतकरी कुटुंबात 1926 साली जन्मलेला हा वकील 1957 पासून पनवेलचा आमदार होता. 1977 आणि 1984 साली तो शेतकरी कामगार पक्षाचा कुलाब्याचा खासदार झाला. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेतही लोकांनी त्याला निवडून दिले, ही साधी गोष्ट नव्हे.

त्यामागे जानेवारी 1984 चा जासईचा लढा होता. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने नव्या मुंबईसाठी आगरी-कोळ्यांच्या जमिनी कवडीमोलाने घेतल्या. गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मान्य झाले. मोबदल्याचे पैसे घेऊन बाजूला न होता शेतकऱ्याने शहरात वाटा मागावा, ही मागणी क्रांतिकारकच होती. ती कायद्याच्या भाषेत मांडायला वकीलच हवा होता.

पण वकिलीची मर्यादाही इथेच दिसते. एक एकर गेली तर जास्तीत जास्त पाच गुंठे, हा या योजनेचा मुख्य हिशेब. शून्य एकराचे साडेबारा टक्के किती? बांधावर राबणारा शेतमजूर, मिठागरावरचा मजूर, गावकुसाबाहेरचा बौद्ध, कातकरी यांचेही जगणे त्याच जमिनीवर होते. सातबारावर त्यांचे नाव नव्हते. पुरावा नाही म्हणून दावा नाही, हा कोर्टाचा न्याय झाला. चळवळीने तोच न्याय का स्वीकारावा?

याच कुलाबा जिल्ह्यातील चरीच्या कुळांनी 1933 साली खोतांविरुद्ध संप केला. बाबासाहेबांनी 1937 साली विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तेही वकीलच. पण कुळांची बाजू घेताना त्यांनी आपल्या पक्षाच्या नावातच 'मजूर' हा शब्द ठेवला होता. शेकापच्या नावात शेतकरी आहे, कामगारही आहे. दोघांच्या मधला भूमिहीन कुठे आहे?

हा प्रश्न जुना झालेला नाही. 2013 साली सिडकोकडे सोपवलेल्या 'नैना' क्षेत्रात सुरुवातीला कर्जत-खालापूरची गावेही होती. आमच्या कडावच्या बाजूलाही जमिनीला भाव आला. भाव आला की मालकाला वाटाघाट करता येते. दुसऱ्याच्या जागेत झोपडी असलेल्या कातकऱ्याला जागा सोडावी लागते.

विमानतळाला दिबांचे नाव द्यावे म्हणून 2021 साली हजारो माणसे रस्त्यावर आली. ती मागणी रास्तच आहे. परंतु ज्याने वाट्याचे तत्त्व शिकवले, त्याचे खरे स्मारक ते तत्त्व पुढे नेण्यात आहे. जमीन कसणाऱ्या, तिच्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला, कागद असो वा नसो, विस्थापित मानले पाहिजे. आपल्या कार्यकर्त्यांनी वाडीवाडीवर जाऊन राहत्या घरांची आणि राबत्या हातांची यादी आजच केली पाहिजे. मोजणीवाले आल्यावर फार उशीर झालेला असतो.