बुडबुड्याची दोन कामं

आयआयटी मुंबईच्या रिंती बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्याचा एक शोधनिबंध २०१८ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं औषध जुनंच आहे. पॅक्लिटॅक्सेल स्तनाच्या, अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगात कित्येक वर्षं दिलं जातंय. ध्वनिलहरीही जुन्याच, सोनोग्राफीच्या घराण्यातल्या. नवी आहे ती या दोघांना एकत्र आणणारी रचना. ती मला इतकी देखणी वाटते की एखाद्या चिजेसारखी तिची जागा न् जागा थांबून पाहावी.

आधी अडचण समजून घेऊ. केमो शिरेतून जाते आणि रक्ताबरोबर सगळीकडे पोचते. पॅक्लिटॅक्सेल विभाजन होत असलेल्या पेशीला मध्येच अडवतं. पण केसांच्या मुळाशी आणि अस्थिमज्जेतही पेशी भराभर विभागत असतात, त्यामुळे केस जातात, पांढऱ्या पेशी उतरतात. मज्जातंतूंनाही झळ बसते. तळपायांना मुंग्या येतात, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. उसाच्या सरीत उभं राहून काम करणाऱ्या बाईला याचा अर्थ काय, हे उंब्रज-कराडकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला आहे, आणि मुळी ओळखता येईना म्हणून मारुतीनं अख्खा डोंगर उचलून आणल्याची गोष्ट इथे पोराबाळांना पाठ आहे. केमोही अशीच डोंगर उचलून आणते. लक्ष्मणाचे प्राण वाचतात खरे, पण डोंगराचं ओझं रुग्णाच्या अंगावर पडतं.

आता रचना पाहू. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात देण्याची पद्धत पडली. त्या द्रावकाची काहींना तीव्र ॲलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. बॅनर्जींच्या प्रयोगशाळेनं औषध लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या दुपदरी आवरणाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बसवलं, आणि या गोळ्या वायूनं भरलेल्या नॅनो-बुडबुड्याला जोडल्या. सगळी गंमत या बुडबुड्यात आहे.

पाणी सहजी दाबलं जात नाही, वायू दाबला जातो. शरीर बहुतांशी पाणी असल्यामुळे त्यात हिंडणारा वायूचा बुडबुडा ध्वनिलहरींना फार जोरात परतवतो आणि पडद्यावर लखलखीत दिसतो. म्हणजे औषध कुठवर पोचलं ते डॉक्टरला बघता येतं. हे झालं पहिलं काम. दुसरं काम त्याच लहरीचं, फक्त जोर वाढवलेला. दहा लाख हर्ट्झची लहर बुडबुड्याला सेकंदाला दहा लाख वेळा आवळते आणि सोडते. जोर बेताचा असेल तर तो नुसता धडधडतो. वाढवला की कोसळतो, आणि कोसळताना शेजारच्या पेशीच्या पडद्याला बारीक छिद्र पाडतो. ते छिद्र पुन्हा बुजतं, पण तेवढ्यात औषध आत शिरलेलं असतं. लहर गाठीवरच रोखलेली असल्यामुळे हे घडतं ते गाठीतच. जी लहर दाखवते तीच दार उघडते! इतक्या काटकसरीनं दोन कामं साधणारी कल्पना वैद्यकात क्वचित पाहायला मिळते.

आकारही नीट विचार करून निवडलेला आहे. सोनोग्राफीत वापरले जाणारे नेहमीचे सूक्ष्म बुडबुडे काही मायक्रॉनचे, जवळपास तांबड्या पेशीएवढे. ते रक्तवाहिनीतच राहतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईनं वाढलेल्या, फटी असलेल्या असतात, पण त्या फटीतून जायचं तर मायक्रॉनच्या आतलंच काही हवं. आणि माझी सर्वांत आवडती जागा: इथलं आवरण नुसतं हमाल नाही. ते लायपोसोम स्वतःच पेशीला आत्मनाशाकडे ढकलतात, पॅक्लिटॅक्सेलच्या कामाला जोड देतात. वाहणाऱ्यालाही कामाला लावलं आहे.

रसिकानं उणंही बघावं. हे काम पेशींवर आणि उंदरांवर झालेलं आहे. उंदराची गाठ कातडीखाली हाताशी असते. माणसाची गाठ मात्र खोल असू शकते: स्वादुपिंडच घ्या, जठराच्या मागे दडलेलं, मध्ये आतड्यातला वायू, आणि वायू तर लहरीला अडवतोच.

तरीही माणसापर्यंत हा विचार पोचला आहे. नॉर्वेतल्या बर्गनच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या दहा रुग्णांना जेमसायटाबिन हे नेहमीचं औषध देताना बाजारात मिळणारे सूक्ष्म बुडबुडे सोडले आणि पोटावर सोनोग्राफीचा प्रोब धरला. २०१६ साली त्यांनी निष्कर्ष मांडले: आयुष्याचा मध्यांक १७.६ महिने, त्याच रुग्णालयातल्या, फक्त औषध घेतलेल्या आधीच्या रुग्णांचा ८.९. दहाच माणसं, तुलना जुन्या नोंदींशी, त्यामुळे हा पुरावा नव्हे, आशा आहे. ऑक्सफर्डच्या गटानं २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. ध्वनिलहरींनी यकृताची गाठ किंचित तापवली, उष्णतेनं सुटणारं डॉक्सोरुबिसिन हे औषध वापरलं. गाठीतलं औषध सरासरी ३.७ पट वाढलं. तिथेही रुग्ण दहाच.

बर्गनचं मला मोल वाटतं ते यंत्रामुळे. त्यांनी रुग्णालयातलं सोनोग्राफीचं तयार यंत्रच सेटिंग बदलून वापरलं. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की दारावरची ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी आधी आठवते. गर्भलिंगनिदानाचा गैरवापर इतका झाला की महाराष्ट्राला देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा करावा लागला. तेच सोनोग्राफीचं यंत्र उद्या कराडसारख्या गावात औषध गाठीपर्यंत नेऊन सोडू शकेल, ही शक्यता मला फार मोठी वाटते.

पण ती शक्यता आहे, उपचार नव्हे. घरात कोणाची केमो चालू असेल तर हे वाचून एकही सायकल चुकवू नका, आणि ‘बुडबुड्याची ट्रीटमेंट’ म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा. देशात अशी चाचणी रीतसर सुरू झाली तर तिची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत व्हावीच लागते, आणि ती नोंदवही कोणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते.