एकाच तराफ्यावर वारा आणि लाट : दावा किती टिकतो?

समुद्रात मोठा तराफा नांगरून ठेवायचा, त्यावर पवनचक्की उभी करायची आणि त्याच्याच कडेला लाटांबरोबर वरखाली होणारे तरंगक जोडायचे. नांगर एक, केबल एक, देखभालीची बोट एक. वीज मात्र दोन्हींकडून. शिवाय वारा पडला तरी लाटा चालूच राहतात, म्हणून वीजपुरवठा भरवशाचा. ही कल्पना ऐकताक्षणीच पटते. म्हणूनच ती वर्गात सांगण्यापूर्वी तपासून घ्यावी, असे आम्हांला वाटते.

कल्पना केवळ कागदावरची नाही. डेन्मार्कमध्ये ‘पोसायडन’ नावाचा ३७ मीटर रुंदीचा तराफा २००८ साली समुद्रात उतरवण्यात आला. पुढे त्यावर प्रत्येकी ११ किलोवॅटच्या तीन पवनचक्क्याही बसल्या. वारा आणि लाटा या दोन्हींपासून त्याने वीज निर्माण केली. खर्च वाटून जातो, हा मुद्दाही खराच आहे. तरंगकांनी लाटेतील काही ऊर्जा काढून घेतली की त्यांच्या मागचे पाणी थोडे शांत होते, हा आणखी एक लाभ.

पण या दोन यंत्रांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. पवनचक्कीला पाय स्थिर हवा. उंच मनोरा डोलू लागला की पाती व बेअरिंगवर ताण येतो. तरंगकाला मात्र हलायलाच हवे. तो हलला नाही तर वीज नाही. हे घमेलेभर पाण्यात दाखवता येते. थर्माकोलच्या तुकड्यात काडी खोचून तो तरंगत ठेवावा. दुसरीकडे एका लहान बाटलीत तळाला वाळू भरून ती उभी तरंगेल असे करावे व झाकणावर तशीच काडी लावावी. मग हाताने लाटा उठवाव्यात. कोणती काडी जास्त डोलते? पवनचक्की कोणावर उभारावी आणि लाटेची वीज कोणाकडून घ्यावी? उत्तरे मुलेच देतील. दोन्ही कामे एकाच वस्तूकडून करून घेताना तडजोड करावी लागते, आणि जाहिरातीत नेमकी तीच गाळली जाते.

दुसरा प्रश्न भरवशाचा. वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते: वेग सेकंदाला ५ मीटरवरून १० मीटर झाला की शक्ती आठपट. खोल पाण्यातील लाटांची शक्ती, उंचीचा वर्ग गुणिले आवर्तकाल, याच्या साधारण निम्मी धरावी. उत्तर दर मीटर रुंदीला किलोवॅटमध्ये येते. उंची १ मीटर आणि आवर्तकाल ६ सेकंद असेल तर सुमारे ३ किलोवॅट. ३ मीटर आणि ९ सेकंद असेल तर सुमारे ४०. दोन्ही स्रोतांत चढउतार किती तीव्र असतात, हे यावरून दिसेल.

हे चढउतार वेगवेगळ्या वेळी आले तरच एक दुसऱ्याची उणीव भरून काढील. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर काय घडते? नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहतात तेव्हाच समुद्र खवळतो. जून ते सप्टेंबर दोन्ही भरपूर, हिवाळ्यात दोन्ही मंद. दक्षिणेच्या दूरच्या महासागरातून आलेल्या लाटा इतर महिन्यांतही पोहोचतात, पण पावसाळ्याची सर त्यांना नाही. केरळात तिरुवनंतपुरमजवळ विझिंजम येथे १९९१ साली लाटांवर चालणारे १५० किलोवॅटचे प्रायोगिक केंद्र सुरू झाले. तेथेही ऋतूंचा हा फरक होताच. ते केंद्र आता बंद आहे. वारा थांबल्यावर काही तास लाटा टिकतात, त्यामुळे तासातासाचे चढउतार थोडे सौम्य होतात, हे मान्य. ऋतूची दरी मात्र त्याने बुजत नाही.

आता ही वीज लागते केव्हा ते पाहू. आमच्या कन्हानला समुद्र नाही; जवळच कोळशाच्या खाणी आहेत आणि खापरखेड्याचे औष्णिक केंद्र आहे. येथे एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी कूलर लागतात. त्या वेळी नदी आटलेली असते आणि अरबी समुद्रही जुलैच्या मानाने शांत असतो. म्हणजे तो तराफा जेव्हा सर्वांत जास्त वीज देईल, तेव्हा आमचे कूलर बंद झालेले असतील. कोळसा कमी जाळायचा तर आम्हांला अशी जोडी हवी, जिच्यातला एक थकला की दुसरा उभा राहील. वैशाखात तळपणारे आणि पावसाळ्यात ढगांआड जाणारे ऊन, आणि त्याच पावसाळ्यात जोर धरणारा वारा, ही जोडी आपल्या हवामानाला अधिक शोभते.

युरोपातील प्रयोग निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. तेथील समुद्र वेगळा, विजेच्या मागणीचा काळही वेगळा. विद्यार्थ्यांनी एवढे शिकावे, की दोन स्रोत एकत्र आणले म्हणजे भरवसा दुप्पट होत नाही. बारा महिन्यांचा तक्ता करून प्रत्येक महिन्यापुढे वारा, लाटा, ऊन आणि आपल्या गावाची विजेची गरज यांना ‘जास्त’, ‘मध्यम’ किंवा ‘कमी’ असे लिहायला त्यांना सांगावे. कोणती जोडी जमते, ते तक्ताच सांगेल.