लघु नमुन्याचे परीक्षण आणि आलेखी गणकयंत्र

बोलींच्या अभ्यासात मोजमापास महत्त्व आल्यापासून लघु नमुन्यावरील परिकल्पना-परीक्षण हे भाषाभ्यासकाचेही साधन झाले आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेतील विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टूडंट' या टोपणनावाने ही रीत मांडली. पुढे पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ मधील ग्रंथाने आपल्याकडील कृषिसंशोधकांस संख्याशास्त्रीय पद्धतींची ओळख करून दिली. १९९६ मध्ये निघालेल्या टीआय-८३ या आलेखी गणकयंत्राने तर कोष्टक चाळण्याचे श्रमही वाचविले. या सोयीचे गुणदोष पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्राची रीत सुटसुटीत आहे. 'स्टॅट' कळ दाबून 'टेस्ट्स'मधील 'टी-टेस्ट' निवडावी. गृहीत माध्य, नमुन्याचे माध्य, प्रमाण विचलन व नमुनासंख्या भरावी. पर्यायी परिकल्पनेची दिशा ठरवावी. क्षणार्धात टी व पी ही मूल्ये पडद्यावर उमटतात. हिशेबातील चुका टळतात, हा गुण निर्विवाद होय.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. देवळी येथील नऊ भाषकांकडून एक शब्द वदवून घेतला. त्यातील स्वराचा सरासरी काल ९२ मिलिसेकंद, प्रमाण विचलन १२ आणि गृहीत माध्य १०० आहे. टी येते उणे २. आठ मुक्तिमात्रांस द्विपक्षी पी सुमारे ०.०८. पाच टक्के मर्यादेवर शून्य परिकल्पना त्यागता येत नाही. अर्थात फरक नाहीच, असेही त्यामुळे सिद्ध होत नाही. परंतु दिशा एकपक्षी केली की पी ०.०४ होते आणि निष्कर्ष फिरतो! आकडे पाहून दिशा बदलणाऱ्यास यंत्र अडवीत नाही.

याहून मोठा प्रमाद नमुनासंख्येत घडतो. प्रत्येकाकडून तोच शब्द चार वेळा वदवून ३६ नोंदी झाल्या, माध्य व विचलन तेच राहिले आणि संख्या ३६ भरली, तर टी उणे ४ होते व पी ०.००१ हूनही खाली जाते. पुरावा मात्र तेवढा वाढलेला नसतो. शितावरून भाताची परीक्षा होते ती एका पातेल्यापुरती. नऊ पातेल्यांतून चार-चार शिते काढली म्हणून पातेली छत्तीस होत नाहीत. कपाशीच्या एकाच वाफ्यातील शंभर बोंडे वेचली तरी वाफा एकच, हे देवळीच्या शेतकऱ्यास सांगावे लागणार नाही.

म्हणून प्रत्येक भाषकाचे माध्य आधी काढावे आणि नऊच आकडे यंत्रास द्यावेत. एकक कोणते, दिशा कोणती, मर्यादा कोणती, हे नोंदी घेण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावे. एखाद्या गावच्या बोलीविषयीचे विधान एकदा छापले गेले की पुढील अभ्यासक ते पारखल्यावाचून उचलतात. गणिताचा भार यंत्रावर टाकता येतो. त्या विधानाचा भार अभ्यासकानेच वाहावयास हवा.