पडद्यावरील बोली आणि उत्तरपत्रिकेतील लाल शाई

ज्या पत्रिकेत सामान्यतः शिलालेखांतील विभक्तिरूपांची किंवा महानुभावीय गद्याच्या पाठभेदांची चर्चा व्हावयाची, तीत चित्रपट आणि जाहीर गायनाचे कार्यक्रम यांविषयी लिहिणे काही वाचकांस औचित्यभंग वाटण्याचा संभव आहे. परंतु बोलींच्या अभ्यासकाला आपल्या सामग्रीचे कुलशील पाहण्याचा अधिकार नसतो. जेथे भाषा ऐकू येते तेथे त्याने गेले पाहिजे. गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी बोली सर्वांत मोठ्या समुदायापुढे ऐकू आली ती अंधाऱ्या चित्रपटगृहांत आणि उघड्या मैदानांवर. त्या श्रवणातून मनात जे विचार आले त्यांची जुळणी करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्यांनी बायबलातील उधळ्या पुत्राची कथा रूपांतरित करून घेतली. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात बोलींच्या वर्णनाची मालिका हाती घेतली, आणि अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी ध्वनिमुद्रणासह नवे सर्वेक्षण केले. या सर्व उद्योगांचे मोल निर्विवाद आहे. मात्र त्यांत बोलणारा मनुष्य अभ्यासकाच्या प्रश्नाला उत्तर देत असतो. तो कोणावर रागावलेला नसतो, कोणाला भीत नसतो, कोणाच्या प्रेमात पडलेला नसतो. चित्रपटातील संवाद हे रचलेले असतात, म्हणून त्यांना क्षेत्रीय सामग्रीचा दर्जा देता येणार नाही, हे खरे. तथापि बोली कोण, कोणाशी, कोणत्या बळावर बोलतो हे त्यांतून जसे दिसते तसे आमच्या कोष्टकांतून दिसत नाही.

प्रथम पूर्वपीठिका. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटाची भाषा रंगभूमीवरून आलेली होती. पुढे तमाशापटांचा काळ आला आणि पडद्यावर ग्रामीण मराठी रूढ झाली. परंतु त्यांतील पुष्कळशी ग्रामीण मराठी कोणत्याही एका तालुक्याची नव्हती. चार ठिकाणची रूपे एकत्र करून, 'हाय', 'न्हाई', 'लई' यांची पेरणी करून सिद्ध झालेली ती एक संकेतभाषा होती. शहरी प्रेक्षकाला तीत गावाचा भास होई, गावच्या प्रेक्षकाला आपले गाव मात्र सापडत नसे. 'सोंगाड्या' (१९७१) सारख्या चित्रपटांनी तिच्यातील द्व्यर्थी सामर्थ्य ओळखले आणि तिला अमाप लोकप्रियता मिळवून दिली, परंतु बोली म्हणजे हसू हे समीकरणही त्याबरोबर घट्ट झाले.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' ने (२०१६) हे समीकरण मोडले असे सर्वत्र म्हटले गेले. ते खरे आहे, पण कसे मोडले याचा विचार फारसा झाला नाही. करमाळा परिसरात घडणाऱ्या या कथेतील पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला परश्या हे दोघे स्थूलमानाने एकच बोली बोलतात. त्यांच्यामधील जातीचे अंतर उच्चारांत नाही, संबोधनांत आहे. कोणी कोणास 'ए' म्हणावे, कोणी आज्ञार्थ वापरावा, कोणी उत्तर न देता उभे राहावे, यांत ते आहे. आर्चीचे आज्ञार्थ ऐकून चित्रपटगृहातील मुली टाळ्या वाजवीत होत्या. त्या टाळ्या रास्तच होत्या, कारण मराठी पडद्यावरील नायिकेने इतक्या मोकळेपणी हुकूम सोडलेले क्वचितच ऐकू आले होते. परंतु त्या हुकमामागे स्त्रीचे स्वातंत्र्य जेवढे आहे तेवढाच वाड्याचा दरारा आहे. परक्या हैदराबादेत वाडा मागे राहतो आणि तिचे आज्ञार्थही तिला सोडून जातात. ही गोष्ट कोणी उच्चारून सांगत नाही, ती व्याकरणातून कळते.

यावरून एक निष्कर्ष निघतो, आणि तो आम्हां बोलीप्रेमी मंडळींना थोडा गैरसोयीचा आहे. बोली ही स्वभावतः दुर्बलांची भाषा असते व प्रमाणभाषा ही स्वभावतः सत्ताधाऱ्यांची, असे आपण गृहीत धरतो. 'सैराट' मध्ये वर्गात कविता शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या थोबाडीत पाटलाचा मुलगा मारतो. पुस्तकी मराठी त्या प्राध्यापकाजवळ आहे, सत्ता बोली बोलणाऱ्या मुलाजवळ आहे. तेव्हा सत्ता भाषारूपात वसते हे अर्धसत्य होय. ती जमिनीत, जातीत आणि नात्यागोत्यांत वसते व सोयीप्रमाणे भाषा धारण करते.

चित्रपटाचा शेवट निःशब्द आहे, हे सर्वांस स्मरत असेलच. शब्दच नव्हे, ध्वनीही काढून घेतलेला आहे. अमेरिकेत वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेले अजय-अतुल यांचे भरगच्च संगीत ज्या चित्रपटात आहे, त्याने अखेरीस मौन पत्करावे, हा त्यातील सर्वांत मोठा विवेक मला वाटतो. पुढे 'धडक' (२०१८) या हिंदी रूपांतरात कथा उदयपुरास गेली आणि राजस्थानी वळणाची हिंदी पात्रांच्या तोंडी आली. काही चाली त्याच, घटनाक्रमही पुष्कळसा तोच. परंतु उच्चारांना गाव उरले नाही, आणि त्याबरोबर जातीलाही पत्ता उरला नाही.

येथे एका शब्दाच्या अर्थांतराची नोंद करणे आवश्यक आहे. 'सैराट' हे पूर्वी अनिर्बंध, मोकाट अशा अर्थाचे विशेषण होते. २०१६ नंतर वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'सैराटची पुनरावृत्ती' असा प्रयोग रूढ झाला, आणि त्याचा अर्थ आंतरजातीय विवाह केलेल्या मुलामुलीचा नातेवाइकांनी केलेला खून असा होऊ लागला. ज्या कृतीचा निषेध करण्यासाठी चित्रपट निर्माण झाला त्याच कृतीला चित्रपटाचे नाव मिळाले. मोकाट धावण्याचा शब्द धावणाऱ्यांच्या मृत्यूचे नाव झाला. अर्थांतराची उदाहरणे वर्गात सांगताना आम्ही हसतमुखाने सांगतो. हे उदाहरण तसे सांगता येत नाही.

मंजुळे यांचाच आधीचा 'फँड्री' (२०१४ साली प्रदर्शित) भाषिक दृष्ट्या अधिक गुंतागुंतीचा आहे. जब्याच्या कैकाडी कुटुंबात वडीलधाऱ्यांच्या तोंडी कैकाडी आहे, गावात गावची मराठी आहे, शाळेत पाठ्यपुस्तकातील मराठी आहे. कैकाडी ही मराठीची बोली नसून द्राविड कुळातील, तमिळला जवळची भाषा आहे. शीर्षकातील शब्दाचा अर्थ डुक्कर. तमिळ 'पन्रि', तेलुगू 'पंदि', कन्नड 'हंदि' ही त्याची भावंडे शेजारी ठेवली की ते नाते उघड होते. म्हणजे गाव ज्या शब्दाने मुलास हिणवते, त्याची वंशावळ हिणवणाऱ्यांस ठाऊकही नाही. आणि तो मुलगाही, शाळेत मिळणाऱ्या नव्या जगाच्या ओढीने, घरच्या भाषेपासून दूर पळू पाहतो. डुक्कर पकडण्याच्या ऐन क्षणी शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते, हा प्रसंग उपहासाचा मानला गेला. मला तो भाषांच्या उतरंडीचे चित्र वाटतो. वरच्या भाषेने हाक दिली की खालच्या भाषेतील काम थांबवावेच लागते, आणि त्याचे नुकसान वरची भाषा भरून देत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' मध्ये (२०१४) ही उतरंड न्यायालयात येते. एका लोकशाहिराला भर कार्यक्रमात अटक होते. त्याच्या गाण्याने गटारात उतरणाऱ्या एका कामगारास आत्महत्येला प्रवृत्त केले, हा आरोप. पुढे आपण ऐकतो ते गाणे नव्हे, गाण्याविषयीचे कागद. साक्ष होते लोकांच्या भाषेत, न्यायाधीश लघुलेखकाला सांगतात ते इंग्रजीत. चाल, डफ, श्रोत्यांचा प्रतिसाद यांतून वेगळे काढलेले शब्द गद्य होऊन आरोपपत्रात बसतात. आम्ही लोकगीतांचे संकलक याहून फार वेगळे काही करतो काय, हा प्रश्न तेथे मनास टोचून गेला.

विदर्भातील चंद्रपूर जिल्ह्यात घडणारा जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' (महाराष्ट्रात २०२५ साली प्रदर्शित) बोलीच्या उच्चारांहून अधिक, बोलण्याच्या विधीकडे लक्ष वेधतो. मुलगी पाहावयास येणारे तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात. उत्तरे त्यांना आधीच ठाऊक असतात. व्याकरणदृष्ट्या ही वाक्ये प्रश्नार्थक, व्यवहारात ती तपासणीची हत्यारे. आरंभी हेच प्रश्न मुलाला विचारले जातात तेव्हा प्रेक्षक हसतात; तेच मुलीला पुन्हा पुन्हा विचारले जातात तेव्हा हसू ओसरत जाते. एकच वाक्य दिशा बदलली की विनोद ठरते किंवा अपमान, याहून चांगला पाठ कोणत्या व्यवहारमीमांसेच्या ग्रंथात मिळेल?

आणि रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' (२०२५), ज्यास सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतील सर्वोच्च पारितोषिक लाभले, तो पाहताना ग्रियर्सनांच्या उधळ्या पुत्राचीच आठवण झाली. येथेही पुत्र गावी परततो. परंतु स्वागतास पिता नाही, पित्याच्या दहा दिवसांच्या सुतकासाठीच तो आला आहे. नातेवाईक लग्नाचा विषय काढीत राहतात. बालमित्राशी असलेल्या त्याच्या नात्याचे बरेचसे बोलणे मौनातच होते. बोलीत ज्याला सन्मानाचा शब्द नाही ते बोलीतच कसे जगले जाते, हे येथे दिसते. शब्दसंग्रह करणाऱ्याने, कोणत्या ठिकाणी शब्द नाही याचीही नोंद ठेवावी, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले आहे.

आता थोडे गायनाविषयी. १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात मराठी श्रोता ब्रज भाषेतील बंदिशी रात्र रात्र ऐकत आला आहे. तेथे शब्द स्वरात विरघळतो आणि कोणी त्याची तक्रार करीत नाही. हल्लीच्या मराठी रॅपमध्ये आणि नृत्यगीतांत नेमके उलट घडते. स्वर मागे सरतो आणि शब्दालाच ताल व्हावे लागते. क्रेटेक्स व श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' (२०२४) हे गीत तरुणांनी डोक्यावर घेतले, त्याचे मर्म त्याच्या अर्थात शोधणे व्यर्थ होय. शीर्षकातच पाहावे: दोन्ही शब्द त्र्यक्षरी, दोन्ही 'डी'वर आपटणारे. मराठीतील अंत्य व मध्य अकाराचा लोप आणि मूर्धन्य व्यंजनांची विपुलता यांमुळे शब्द हलगीवरील टिपरीसारखा वाजतो. हे नवे नाही, शाहिरांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एका मैदानावरील कार्यक्रमात, ज्यांना वर्गात चार ओळी मोठ्याने वाचण्याचा संकोच वाटतो असे माझेच विद्यार्थी शेकडो जणांच्या सुरात सूर मिळवून, गावाकडच्या उच्चारांत, न चुकता गात असलेले मी पाहिले. तेथे कोणी कोणाचा उच्चार दुरुस्त करीत नव्हते.

हे सारे लिहिण्याचे खरे कारण आता सांगितले पाहिजे. 'स्थळ' विषयी वर्गात बोलताना पूर्व विदर्भात 'ण' चा 'न' होतो हे मी उत्साहाने फळ्यावर लिहिले आणि त्या उच्चाराच्या प्राचीनतेविषयी दोन शब्द बोललो. तास संपल्यावर त्याच भागातील एक विद्यार्थिनी आपली उत्तरपत्रिका घेऊन आली. तीत 'पानी' आणि 'कोन' या शब्दांखाली लाल रेघा होत्या, आणि रेघा माझ्या होत्या. ती भांडली नाही. "सर, पडद्यावर बरोबर आणि पेपरात चूक, असं का?" एवढेच तिने विचारले. मी लेखननियमांचा हवाला दिला. उत्तर शास्त्रशुद्ध होते, आणि तिला ते पटले नाही हे मला दिसले.

लेखनाला सर्वमान्य नियम असावेत या मताचा मी आजही आहे. दूरच्या गावातील मुलीला अर्ज, परीक्षा व न्यायालय यांच्या दारातून आत जावयाचे तर ती किल्ली तिच्या हाती द्यावीच लागेल, आणि ती न देता बोलीचे गोडवे गाणे ही तिची फसवणूक होईल. परंतु किल्ली देणे वेगळे आणि तिच्या घरास कुलूप लावणे वेगळे. लाल रेघ 'लेखनात हे रूप चालत नाही' एवढेच सांगत नाही. 'तुझी आई अशुद्ध बोलते' हेही ती सांगते. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण तिच्या प्राचीन प्राकृत वारशाचा अभिमान बाळगला. महाराष्ट्री प्राकृतात 'न' चा 'ण' होत असे, तर चंद्रपुरात 'ण' चा 'न' होतो. पहिल्यास आपण इतिहास म्हणतो आणि दुसऱ्यास चूक. हा भेद भाषाशास्त्राने केलेला नाही.

तेव्हापासून मी उत्तरपत्रिकेत अशा शब्दांखाली रेघ न ओढता समासात प्रमाण रूप लिहितो. गुण कापावयाचे की नाहीत याचा निर्णय अभ्यासमंडळाने करावयाचा आहे, आणि तो विषय मी पुढील बैठकीसाठी दिला आहे. हा उपाय अपुरा आहे, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या बोलीसाठी आपण तिकीट काढून टाळ्या वाजवतो, तिला वर्गात येताना मान खाली घालावी लागू नये, एवढी अपेक्षा तरी अवाजवी म्हणता येणार नाही.