शब्दांच्या जाती आणि मुलांची कविता

शब्दांच्या जाती व्याख्या घोकून घेण्याऐवजी कविता रचवून शिकवाव्यात, हा विचार आता आपल्याकडील प्राथमिक शाळांतूनही ऐकू येऊ लागला आहे. त्यासाठी वापरला जाणारा साचा मूळचा अमेरिकेतील. ॲडलेड क्रॅप्सी (१८७८-१९१४) या कवयित्रीच्या पाच ओळींच्या रचनेत अक्षरसंख्येचे बंधन होते. पुढे शिक्षकांनी ते सोडून शब्दांच्या जातींचे बंधन घातले. पहिल्या ओळीत एक नाम, दुसरीत दोन विशेषणे, तिसरीत तीन क्रियावाचक शब्द, चौथीत चार शब्दांचा उद्गार, आणि शेवटी पहिल्या नामाचा पर्याय. कल्पना मोहक आहे. विशेषणाची व्याख्या घडाघडा म्हणणारे मूल समोरच्या आंब्याला एक विशेषण लावताना अडखळते, हे ज्याने वर्गात पाहिले आहे त्याला या साच्याचे मोल पटवून द्यावे लागत नाही.

तथापि हा साचा मराठीत जसाच्या तसा उतरत नाही, आणि तो का उतरत नाही हे पाहण्यातच मराठी व्याकरणाचा खरा पाठ आहे, असे आमचे मत आहे. अडचण तिसऱ्या ओळीत येते. इंग्रजी मूल तेथे एकाच प्रत्ययाची तीन रूपे लिहून मोकळे होते. मराठी मुलाने 'धावणे' लिहिले तर ते धातुसाधित नाम झाले. 'धावणारा' हे विशेषण. 'धावत' हे बहुधा क्रियाविशेषण. क्रियापद हवे असेल तर 'धावतो' किंवा 'धावते' असेच लिहावे लागते, आणि ते लिहिताच धावणारा तो की ती, हा प्रश्न उभा राहतो. तिसरी ओळ पहिलीशी अशी बांधली जाते. दुसरीचेही तेच. 'झाड' घेतले तर 'मोठे' हवे. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारे आमच्याकडील मूल 'मोठा झाड' लिहिते, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही. ज्याच्या कानावर तेलुगू अधिक पडते त्याला विशेषण बदलते हेच नवे असते. (चतुर मुले 'लाल', 'सुंदर' अशी न बदलणारी विशेषणे हुडकून सुटका करून घेतात, तीही एक समजच म्हणावयाची.) ही चूक तांबड्या शाईने सुधारत नाही. कवितेची ओळ मोठ्याने म्हणावी लागते, म्हणून तेथे ती कानाला खटकू लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. शब्दाची जात त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते. ती वाक्यातील कार्यावरून ठरते. 'गप्प झाड' येथे 'गप्प' विशेषण, 'झाड गप्प उभे राहते' येथे क्रियाविशेषण. 'खाली' एकटे आले तर क्रियाविशेषण, 'झाडाखाली' म्हटले की शब्दयोगी अव्यय. सुट्या शब्दांच्या ओळींत यातले काहीच दिसत नाही. म्हणून घाईने उरकली जाणारी चौथी ओळच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. तेथे पूर्ण वाक्य मागावे, आणि आधीचा एखादा शब्द त्यात निराळ्या कामाला लावण्यास सांगावे.

आठही जाती एका कवितेत कोंबण्याचा आग्रह मात्र नको. यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग, निपात असे चारच वर्ग मानले. नऊ वर्षांच्या मुलाला तेवढेही एका तासास पुष्कळ झाले. उभयान्वयी अव्यय गोष्ट सांगताना शिकवावे.

राहिली पाचवी ओळ. 'झाड' या शब्दापुढे 'वृक्ष' लिहिणे म्हणजे कोश उघडणे. एखाद्या मुलाने तेथे 'सावली' लिहिले, तर पर्याय नव्हे म्हणून त्यावर फुली मारू नये. नाम तर तेही आहेच.