चकलीचा कायदा : एक रसग्रहण

आमच्या शेजारच्या काकू गेली वीस वर्षं दिवाळीला चकल्या करून विकतात. काका गेल्यावर सुरू झालेला उद्योग. मुलीचं शिक्षण आणि लग्न दोन्ही त्या सोऱ्यातूनच बाहेर पडलं. गेल्या श्रावणात दुकानदार म्हणाला, "काकू, यंदा पाकिटावर चौदा आकडी नंबर पाहिजे." काकूंनी भाच्याकडून कागदांचा गठ्ठा छापून आणला आणि तो माझ्यापुढे ठेवला. "अरे, तू पुस्तकांवर लिहितोस ना? मग हे वाच. नाहीतर यंदा भाजणी दळायला टाकतच नाही."

आता, मी परीक्षणं लिहितो याचा अर्थ मी पुस्तकं वाचतो असा काकूंनी का घ्यावा, कोण जाणे! पण हे पुस्तक मात्र पहिल्या पानापासून वाचलं.

कृतीचं नाव 'अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६'. त्याखालचे नियम २०११चे. पूर्वी १९५४चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. नावावरूनच खलनायक कोण ते कळायचं. नव्या कृतीत नायक आहे : 'अन्न व्यवसाय चालक'. हे आपणच, असं सांगितल्यावर काकूंनी पदर सावरला.

बहारीचा भाग म्हणजे अन्नाची व्याख्या. बाटलीबंद पाणी हे अन्न. च्युइंगगम हे अन्न. दारूसुद्धा अन्नच! हे कलम मी मुद्दाम हिला दाखवलं. तिला नेमका चष्मा सापडेना. शेतात उभी ज्वारी मात्र अन्न नव्हे, ती कापल्यावर अन्न. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्या उपनिषदकारांनी विषयाचा इतका बारकाईने विचार केला नव्हता, हे कबूल केलं पाहिजे.

स्वच्छतेची अनुसूची तर मला मनापासून आवडली. नखं कापा, साबणाने हात धुवा, अंग खाजवू नका, पदार्थावर शिंकू नका, सैल दागिने घालू नका. इथे लेखकाची भाषा एकदम घरातली होते. कुणीतरी आईला विचारून लिहिलं असावं. "यात नवीन काय?" काकू म्हणाल्या. नवीन काही नाही, तेच तर चांगलं आहे.

मग येतं लेबल. घटक, वजन, तारीख, हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आणि बॅच नंबर.

"बॅच म्हणजे काय रे?"

"घाणा."

"मग घाणा म्हणायला यांना काय झालं?"

लेबल चुकलं तर तीन लाखांपर्यंत दंड! हा आकडा काकूंनी आधीच वाचला होता. त्यांना रात्रभर झोप नव्हती ती त्याचमुळे.

माझा खरा आक्षेप इथे आहे. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल, तर परवाना नको, साधी नोंदणी पुरे, फी वर्षाला १०० रुपये, असं २०११च्या नियमांत तेव्हा स्वच्छ म्हटलेलं होतं. काकूंना हवं होतं ते एवढं एकच वाक्य. पण ते शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. दंड ठळक आणि दिलासा पोटकलमात! नायिकेला तीनशेव्या पानावर आणणाऱ्या कादंबरीकाराला आम्ही फाडून खातो. इथे तर वाट पाहता पाहता नायिकेने सोऱ्या माळ्यावर टाकला असता. चकली विकणाऱ्या बाईसाठी हे एक पान मराठीत, मोठ्या अक्षरात, सगळ्यात आधी छापायला काय हरकत होती?

फॉर्म भरला. नंबर आला. काकूंनी भाजणी दळायला टाकली.

धनत्रयोदशीला दुकानात गेलो, तर पाकिटांवर बॅच नंबर दोनपासून पुढे. मी घाबरलो. सगळं नीट समजावून सांगितलं होतं, तरी चुकलंच! तसाच काकूंकडे गेलो. म्हटलं, "एक नंबर कुठे आहे?"

"अरे, पहिला घाणा तेल बघायला असतो. तो मी कधी विकते का? तुमच्याकडे पाठवलाय डबा."

घरी येऊन पाहिलं. डब्यावर लेबल नव्हतं. चकल्या जरा जास्त तळल्या होत्या.