टेम्पो हा शब्द कुठे गेला?

भाच्याने त्याच्या संघाचा डिझाइन रिपोर्ट माझ्याकडे दिला तो इंग्रजी तपासायला. "मामा, स्पेलिंग तेवढं बघा, बाकीचं आमचं झालंय," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. बत्तीस पानं होती. सातव्या पानावर गिअरबॉक्स आला आणि मी तिथेच अडकलो. मजकूर साधारण असा: बाजारात उपलब्ध असलेल्या चार-गती मॅन्युअल ट्रान्सअ‍ॅक्सलची निवड करण्यात आली आहे. खाली तक्ता. किंमत, वजन, उपलब्धता, दुरुस्तीची सोय. तीन पर्याय, प्रत्येकाला दहापैकी गुण, शेवटी बेरीज. जो गिअरबॉक्स आधीच वर्कशॉपमध्ये येऊन पडला होता, तोच पहिला आला.

'निवड करण्यात आली आहे' ही भाषा आपल्या ओळखीची आहे. शासन निर्णयात ती असते. कोणी केली, कधी केली, का केली, यातलं काहीच ती सांगत नाही आणि तरी सगळं रीतसर झाल्यासारखं वाटतं. मला इंग्रजी तपासायचं होतं. इंग्रजी शुद्ध होतं. खोट दुसरीकडे होती.

तो गिअरबॉक्स आमच्याच अंगणात उघडला गेला होता, म्हणून तो कशाचा हे मला माहीत होतं. महिंद्रा अल्फा या तीनचाकी मालवाहू टेम्पोचा. पैठण तालुक्यात राहणाऱ्याला अल्फा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पाचोडच्या बाजारात मोसंबी घेऊन येणाऱ्या गाड्यांत ती हमखास असते. रिपोर्टात मात्र 'टेम्पो' हा शब्द एकदाही नाही. 'अल्फा' आहे, तो परिशिष्टात, सुट्या भागांच्या यादीत, नट-बोल्टांच्या शेजारी.

हे जग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाहा ही इंजिनिअरिंगच्या मुलांची स्पर्धा. मुलांनी एका माणसाची, खडकाळ रस्त्यावर पळणारी गाडी स्वतः बांधायची आणि शेवटच्या दिवशी ती चार तास सलग पळवायची. भारतात ती २००७पासून होते आणि पीथमपूरचं मैदान हे तिचं जुनं घर. इंजिन सगळ्यांना एकच, १० अश्वशक्तीचं, ३०५ सीसीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन. ते ३,८०० फेऱ्यांवर बांधून ठेवलेलं. इंजिन सारखंच असेल तर ती ताकद चाकापर्यंत कशी न्यायची, यात संघांचा खरा कस. म्हणजे सातवं पान हे या रिपोर्टचं काळीज. तिथेच लेखक गायब होतो.

या विषयावर उत्तम गद्य लिहिणारा एक माणूस होऊन गेला, कॅरोल स्मिथ. १९६०च्या दशकातल्या फोर्डच्या ल मॉं मोहिमेत तो होता. त्याचं 'प्रिपेअर टू विन' १९७५चं आणि 'ट्यून टू विन' १९७८चं. ही पुस्तकं हौशी शर्यतवाल्यांसाठी लिहिलेली आहेत आणि त्यांत 'मी' आहे. मी हे असं करतो, हे करून पाहिलं आणि चुकलो, हे महाग आहे पण इथे पैसे वाचवू नका. त्याचा तुसडेपणाही वाचनीय आहे. निर्णयाला धनी असला की वाक्य कसं उभं राहतं, हे शिकायला मी हे लेखन साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही देईन.

पण स्मिथ आपल्याला जसाच्या तसा पुरत नाही. त्याच्या वाचकाच्या गाडीत बहुधा हेवलँडचा गिअरबॉक्स असे. मागचं झाकण काढायचं, गिअरच्या जोड्या बदलायच्या, दुसऱ्या ट्रॅकसाठी दुसरं गुणोत्तर. निवड हा त्याच्यासाठी दर शर्यतीचा प्रश्न आहे. टेम्पोच्या गिअरबॉक्समध्ये ती निवड कारखान्याने आधीच करून ठेवलेली. पहिला ३१.४५, दुसरा १८.७०, तिसरा ११.४०, चौथा ७.३५. हे आकडे कोणासाठी ठरले? गोण्या लादून चढावर निघणाऱ्या माणसासाठी. २३ इंचांचा टायर धरून मी वहीत हिशोब केला. ३,८०० फेऱ्यांवर पहिल्यात ताशी १३ किलोमीटर, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात ३७, चौथ्यात ५७. पहिला गिअर तेराला संपतो. स्पर्धेच्या सुरुवातीच्या शंभर मीटरमध्ये मुलाला तीनदा हात लिव्हरवर न्यावा लागणार, आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन ३,८००वरून थेट २,२६०च्या आसपास पडणार. उलट खडकातून, चिखलातून बाहेर यायला तोच पहिला गिअर देवासारखा धावून येतो. वजन न वाढवता हातात उरतो फक्त टायर. २५ इंचांचा लावला तर चौथ्यात ६२ मिळतात, पण चढावर तेवढं गमवावं लागतं. ही खरी निवड, ती खरोखर त्यांना करायची होती. रिपोर्टमध्ये टायर अठराव्या पानावर, सस्पेन्शनच्या प्रकरणात आहे. गिअरबॉक्सशी त्याची गाठच पडत नाही.

लपवालपवीचं कारण मला कळतं. गेल्या वर्षी परीक्षकाने विचारलं होतं, हाच का? भाच्याने तक्त्यातली बेरीज सांगितली. बाजूच्या संघाने बेल्टवर चालणारं सीव्हीटी लावलं होतं. इंजिन कायम हव्या त्या फेऱ्यांवर. त्यांच्यासमोर टेम्पो म्हणायची लाज वाटली. पण ही लाज इतिहासाच्या अज्ञानातून येते. ज्या हेवलँडचं नाव घेतल्यावर सगळे मान डोलावतात, त्याचे सुरुवातीचे रेसिंग गिअरबॉक्स फोक्सवॅगन बीटलच्या कवचात बसवलेले होते. लोकांच्या स्वस्त गाडीचं मॅग्नेशियम मिश्रधातूचं कवच, आत नवे गिअर. तेव्हा साध्या वाहनाचा गिअरबॉक्स शर्यतीला नेणं ही या क्षेत्राची जुनीच रीत आहे. फरक एवढाच की हेवलँडने आतले गिअर बदलले आणि आमच्या पोरांनी गुण बदलले.

रिपोर्टमध्ये आणखी एक शब्द आहे, 'सर्व्हिस्ड'. त्या एका शब्दाखाली दोन दिवस गाडले गेलेत. मिस्त्रीने ऑइल काढलं तेव्हा ड्रेन प्लगला लोखंडाचा कीस चिकटलेला होता. दुसरा गिअर सुटत होता. त्याने शाफ्ट उपसला, गिअरच्या बाजूच्या दातांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाला, "कोपरे गोल झालेत. आधीच्या पोरांनी क्लच अर्धाच दाबून हाणलेत. फोर्क बदलून काय होणार?" मग दुसरा नग जुन्या बाजारातून आणला, बेअरिंग नवी घातली, शिमची जाडी तीनदा कमी-जास्त करून शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. पैठणला बसून मला नाथांची आठवण होणारच. शके १५०६मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. ते काम मोठं, हे लहान, पण उघडून, झिजलेलं ओळखून, स्वतःचं काही न घुसडता परत जुळवणं हे दोन्हीकडे आहे. नखाने कळलेला गोल कोपरा रिपोर्टात असता, तर परीक्षकाने मुलाला दुसरा प्रश्न नक्की विचारला असता.

तक्ता वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. तीन पर्याय खरोखर खुले असतील तर तो उपयोगी आहे. इथे सीव्हीटीला पैसे नव्हते आणि स्वतः गिअर कापून घ्यायला वेळ नव्हता. हे दोन वाक्यांत लिहिता येतं. आणि 'दुरुस्तीची सोय : ९' याच्या जागी, हा गिअरबॉक्स इथून पीथमपूरपर्यंत कोणत्याही गावात उघडता येतो, हे लिहिता येतं. तो या निवडीचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे आणि तो नऊ या आकड्यात गाडला गेलाय.

रविवारी भाचा आला तेव्हा मी स्पेलिंगच्या दोन चुका दाखवल्या आणि सातवं पान परत दिलं. तो चिडला. "मामा, असं कोणी लिहीत नाही." मी स्मिथ पुढे केला. त्याने तो उघडला नाही, पण माझी हिशोबाची वही मात्र नेली. काल रात्री नवा परिच्छेद पाठवला. सुरुवात 'आम्ही' अशी आहे, दुसऱ्या ओळीत टेम्पो आहे. टायर २३चा की २५चा, तिथे अजून रिकामी जागा सोडलेली आहे. शुक्रवारी दोन्ही लावून पाहणार आहेत.